कंबर लचकली की हशा : एका विनोदलेखकास खुले पत्र

पाटोदा, जि. बीड

महाशय,

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्काराने करायची असते. तुमच्या बाबतीत ते मला जमत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुमचं नाव मी लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. वाहिन्यांवरच्या विनोदी कार्यक्रमांत तुम्ही आहात, यूट्यूबवरच्या गावरान मालिकांत तुम्ही आहात, अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्येही तुम्हीच आहात. तुमची ओळख पटायला तुमचं एक पात्र पुरतं. गालावर दाढीचे खुंट, ओठाला भडक लिपस्टिक, मोडलेलं मनगट, नाकातून काढलेला आवाज आणि चालताना या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावणारी कंबर. ते पात्र येतं, नायकाच्या छातीवर बोट फिरवतं, नायक किंचाळत पळतो आणि परीक्षक खुर्चीतून घसरतात. त्याला नाव नसतं. असलंच तर बबली किंवा चमेली. त्याला घर नाही, आई नाही, पोटापाण्याचा उद्योग नाही. त्याला जगात एकच गोष्ट हवी असते : समोर दिसेल तो पुरुष.

वर्षानुवर्षं हेच लिहून तुम्ही मानधन घेता. मी शिक्षक आहे. एखादा मुलगा पाचवीपासून दहावीपर्यंत दर वर्षी तोच निबंध उतरवून आणू लागला, तर आम्ही त्याला शून्य गुण देतो. तुम्हाला वाहिनी पुढचा सीझन देते.

तुमचा कार्यक्रम मुंबईत चित्रित होतो आणि हशा तिथेच विरतो, असं तुम्हाला वाटत असेल तर ते खोटं आहे. आमचा पाटोदा बालाघाटाच्या डोंगररांगेतला कोरडा तालुका. मांजरसुंब्याहून जामखेडकडे निघालात की मध्ये लागतो. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. फडावर, कोपीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत करमणुकीला असतो तो मोबाईल, आणि मोबाईलमध्ये असतात तुमच्या कार्यक्रमाचे कापून काढलेले तुकडे. पात्राच्या आगेमागे जे काही बरं असेल ते कापलं जातं. उरते ती कंबर आणि तो हशा.

तो तुकडा आमच्या वर्गात कसा पोहोचतो, ते ऐका. आठवीत एक मुलगा होता. सकाळच्या परिपाठाला अभंग म्हणायचा, आणि असा म्हणायचा की मैदानातला गलका आपोआप थांबायचा. बरोबरीच्या मुलांचे आवाज फुटले, त्याचा फुटायला वेळ लागला. चालही जरा वेगळी. एवढं भांडवल पुरलं. तुमच्या पात्राचं नाव त्याला चिकटलं. हजेरी घेताना त्याचं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून तुमचं वाक्य यायचं, तुमच्याच सुरात. स्नेहसंमेलनात मुलांनी तुमचं स्किट जसंच्या तसं बसवलं. पहिल्या रांगेतले पाहुणे पोट धरून हसले आणि त्या हशात अर्ध्या माना त्या मुलाकडे वळल्या. त्यानंतर त्यानं अभंग म्हणणं बंद केलं. दहावीनंतर गावच सोडलं. तो कोण होता, त्याला पुढे कोण आवडणार होतं, हे त्याचं त्यालाही तेव्हा कळलेलं नव्हतं. ते कळायच्या आत तुम्ही ते जाहीर करून टाकलंत आणि त्यावर हसायचं कसं याचं प्रात्यक्षिकही गावाला दिलंत.

तुम्ही म्हणाल, मुलं चिडवतातच. आम्ही नव्हतो तेव्हाही चिडवत होती. खरं आहे. बायल्या म्हणणारं तोंड तुमच्या आधीपासून आहे. पण पूर्वी चिडवणाऱ्याला निदान ठाऊक असायचं की आपण खोडी काढतोय, मास्तरांनी ऐकलं तर कान पिरगाळला जाईल. आता तो सांगतो, सर, टीव्हीवरचा जोक आहे. खोडीला तुम्ही प्रतिष्ठा दिलीत.

बरं, तुम्हाला विषय सुचत नाहीत म्हणावं, तर विषय दाराशी पडलेत. ऊसतोडीत मजुराची मोजणी कोयत्यावर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. म्हणून मिसरूड फुटलं की पोराचं लग्न उरकण्याची घाई होते, पोरींची तर त्याहून लवकर. आता या हिशोबात असा एक पोरगा ठेवा, ज्याला बाईशी संसार करायचाच नाही. त्यानं काय करायचं? नाही म्हणाला तर घरच्यांची अर्धी उचल बुडते. हो म्हणाला तर दोन आयुष्यं बुडतात, आणि त्यातलं एक त्या पोरीचं असतं, जिला कुणी काही सांगितलेलंच नसतं. अशी लग्नं लागतात. त्या नवऱ्यांना व्यसन लागतं, त्या बायकांना वांझ म्हणून टोमणे बसतात आणि गाव म्हणतं, जोडी जमली नाही. या गोष्टीत रडू आहे, राग आहे, आणि लिहिणाऱ्याला नजर असेल तर खराखुरा विनोदही आहे. मुकादमाचा, सोयऱ्यांचा, मुलगी बघायच्या कार्यक्रमाचा, चारचौघांत मिरवणाऱ्या पुरुषार्थाचा. यातलं तुम्हाला काहीही दिसलं नाही. तुम्हाला फक्त मनगट दिसलं.

परंपरेचा आधार मात्र तुम्ही लगेच घेता. पुरुषानं साडी नेसून हसवणं ही आपली लोककलाच आहे, असं सांगता. लोककलेचं नाव घेतलंत, तर तिचा हिशोबही पुरा द्या. तमाशातली मावशी पुरुषच करतो. पण गवळणीत ती कृष्णाला आणि पेंद्याला जाब विचारते, त्यांची खोड मोडते. हसू तिच्या हजरजबाबीपणाला असतं. एकनाथांचं पैठण आमच्यापासून लांब नाही. भारूड करणारा पुरुष लुगडं नेसून उभा राहतो तेव्हा लोक हसतात ते ढोंगाला, लोभाला, स्वतःच्या संसाराला. लुगडं नेसलेल्या माणसाला नाही. ज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिल्या त्या प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या आवाजात, आणि सातशे वर्षं झाली तरी कीर्तनात त्या म्हणताना कुण्या बुवाला लाज वाटलेली मी पाहिली नाही. बालगंधर्वांचा शालू आणि त्यांची चाल पाहून उच्चकुलीन बायका तशी नेसण शिकल्या, हे तर महाराष्ट्र अभिमानानं सांगतो. तो शालू ज्याच्या अंगावर होता तो पुरुष होता, हे कुणी विसरलं नव्हतं.

आणि 'अशी ही बनवाबनवी'? १९८८ चा सिनेमा. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडीत आहेत, आजही तो लागला की माझ्यासकट सगळं घर बसतं. तिथे गंमत आहे ती पुण्यात राहायला खोली मिळत नाही म्हणून रचलेल्या थापेची आणि ती थाप उघडी पडण्याच्या धास्तीची. तुमच्या स्किटमध्ये थाप नाही, धास्ती नाही, प्रसंग नाही. एक माणूस जसा आहे तसा आहे, एवढ्यावरच तुम्हाला हसू हवंय. त्या सिनेमाचं नाव तुम्ही आपल्या बचावाला वापरू नका.

आता गणपत पाटलांबद्दल बोलू. कोल्हापूरचा हा नट. तमाशापटांतला नाच्या म्हटला की तेच, इतकं ते समीकरण पक्कं झालं होतं. त्यांच्या 'आत्ता गं बया'ला थिएटर डोक्यावर घेतलं जाई. टाळ्या पडल्या, भूमिका मिळत गेल्या, पण एकाच साच्यातल्या. घरी हा माणूस नवरा होता, बाप होता. प्रेक्षकांना मात्र पडद्यावरचा नाच्या आणि घरातला गृहस्थ वेगळे काढता आले नाहीत, काढायचेही नव्हते. रस्त्यात टिंगल झाली, संशय घेतले गेले, मुलांच्या सोयरिकी जुळवताना तीच भूमिका आडवी आली. 'रंग नाच्याचा' या नावानं त्यांचं आत्मकथन आहे. २००८ साली ते गेले. एवढ्या ताकदीचा नट, आणि आयुष्यभर त्याला सिद्ध करावं लागलं ते आपलं पुरुष असणं.

तुम्ही लेखक आहात, म्हणून विचारतो. ज्याला संध्याकाळी रंग पुसून घरी जाता येत होतं, त्याची समाजानं ही अवस्था केली. मग ज्याची चालच तशी आहे, ज्याचा आवाजच तसा आहे, ज्याला पुसायला रंगच नाही, त्याच्यावर तुमच्या प्रत्येक भागानंतर काय गुदरत असेल? एकदा तरी हा प्रश्न तुमच्या लेखकांच्या बैठकीत निघाला का?

रवी जाधव या दिग्दर्शकाला तो पडला. २०१० च्या पहिल्याच दिवशी त्यांचा 'नटरंग' आला, आनंद यादवांच्या १९७८ च्या कादंबरीवरचा. गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा शेतमजूर, राजाची भूमिका करायचं स्वप्न बाळगणारा. तमाशाचा फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी त्या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं आणि मग ते उतरवलं. सिनेमा तुम्ही पाहिला असेल, पण त्यातून फक्त लावण्या उचलल्यात. त्यातला जो प्रसंग उचलायचा होता, तो म्हणजे गुणावर होणारा अत्याचार. ज्याला नाच्या म्हणून हसलं जातं, त्याच्याशी काहीही केलं तरी चालतं, हे गाव कसं ठरवतं, ते त्यात उघडं दिसतं. हशा आणि तो अत्याचार यांच्यात फारसं अंतर नसतं. तुमचा नायक स्किटमध्ये त्या पात्राला लाथ घालतो तेव्हा ती लाथ आमच्याकडे एसटी स्टँडच्या मागे खरोखर बसते.

त्याच रवी जाधवांनी पुढे 'बायोस्कोप' या चित्रपटात 'मित्रा' हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये गौरी सावंत यांच्या आयुष्यावर 'ताली' ही मालिका केली. गौरी सावंत म्हणजे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालानं तृतीयपंथीयांना कायद्यात ओळख दिली, त्या लढ्यातल्या एक याचिकाकर्त्या. भूमिका सुश्मिता सेन यांनी केली. तृतीयपंथी व्यक्तीची भूमिका तृतीयपंथी कलाकारानंच का करू नये, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. कलाकार मिळत नाहीत ही सबब चालणार नाही, कारण २०२० मध्ये झी मराठीच्या 'कारभारी लयभारी'त गंगा म्हणजे प्रणित हाटे हिनं तृतीयपंथीयाची भूमिका स्वतः केली होती. रोजच्या मालिकेत, घराघरांत, जेवणाच्या वेळेला. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका त्या पात्राची वाट बघायच्या. म्हणजे प्रेक्षकाला हेच हवं असतं, हा तुमचा हुकमी मुद्दाही खोटा ठरतो. प्रेक्षकाला पात्र हवं असतं. तुम्ही त्याला ढोंग देता.

मराठीत हे धाडस नवंही नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. कॉलेजातली मित्रा ही मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात आहे, आणि ही गोष्ट सांगणारा मुलगा तिच्यावर जीव टाकून आहे. रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत होत्या. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'नं महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं पडद्यावर आणलं. आजच्या नजरेनं दोन्हींत त्रुटी काढता येतील, मीही काढतो. मित्राला शेवटी मरावंच लागतं, हे मला अजून खटकतं. पण त्या माणसांकडे लेखक खाली वाकून, नीट, जवळून बघत होता. अमोल पालेकरांनी २००६ मध्ये 'थांग' केला, नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम आहे हे कळलेल्या बायकोच्या बाजूनं. २००९ च्या 'जोगवा'त देवीला सोडलेल्या, जबरदस्तीनं लुगडं नेसवलेल्या तायप्पाचं दुःख उपेंद्र लिमयेंनी असं उभं केलं की त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' आहे, समलिंगी मुलाच्या आईची गोष्ट. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आहे, बिंदुमाधव खिरेंची 'पार्टनर' आहे. आत्मचरित्रं आहेत, लक्ष्मी त्रिपाठींचं आहे. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातून दिशा पिंकी शेख कविता लिहितात. वाचायला इतकं पडलेलं असताना तुम्ही उचललंत ते हिंदी सिनेमातलं उष्टं. त्या हिंदी सिनेमानं खलनायक म्हणूनही हेच केलं. १९९१ च्या 'सडक'मध्ये वेश्यागृह चालवणारी क्रूर 'महाराणी' आमच्या नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी केली. अभिनय थरकाप उडवणारा, फिल्मफेअर मिळालं. पण पुढे कित्येक वर्षं रस्त्यात टाळी वाजवत येणाऱ्या माणसाला पाहून पोरं भ्यायची, ती त्या महाराणीला. एक तर हसायचं, नाही तर भ्यायचं. माणूस म्हणून भेटायची तिसरी सोय ठेवलीच नाही. अमेरिकेत व्हिटो रूसोनं १९८१ मध्येच एक आख्खं पुस्तक लिहून हॉलीवूडचा हा हिशोब मांडला होता : समलिंगी माणूस पडद्यावर येतो तो विदूषक म्हणून, राक्षस म्हणून किंवा शेवटी मरण्यासाठी. तुम्ही अजून त्यातल्या पहिल्या खणात बसून आहात.

एका माणसाची गोष्ट तर मराठी पडद्यानं सर्वांत आधी सांगायला हवी होती. श्रीनिवास रामचंद्र सिरस. मराठीचे प्राध्यापक, मराठीचे कवी. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह, त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. हिंदी-उर्दूच्या मुलखात आयुष्यभर मराठी शिकवत राहिलेला माणूस. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात, त्यांच्या खोलीत घुसले, एका पुरुषासोबत त्यांचं चित्रण केलं आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांना. घुसणाऱ्यांना नाही. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

२०१६ मध्ये हंसल मेहतांनी 'अलीगढ' केला. मनोज वाजपेयी सिरसांच्या भूमिकेत एकटे बसतात, लता मंगेशकरांचं गाणं ऐकतात, हातातला पेला हळूहळू रिकामा होतो. बराच वेळ कॅमेरा काहीही करत नाही, फक्त त्यांच्या चेहऱ्यासमोर थांबतो. ज्या माणसाच्या खोलीत कॅमेरा चोरासारखा शिरला होता, त्याच्यासमोर कॅमेऱ्यानं कसं बसावं, ते त्या दृश्यात आहे. एका मराठी कवीचं एकटेपण हिंदीनं समजून घेतलं. आपल्याकडे मराठी भाषा गौरव दिनाला फेटे बांधून मिरवणूक निघते. त्यात सिरसांचं नाव मी अजून ऐकलेलं नाही. या अपराधात तुमच्याबरोबर पुष्कळ मोठी मंडळी आहेत, हे मान्य करतो. पण रोज रात्री साडेनऊला घराघरांत शिरण्याचा परवाना त्यांच्याकडे नाही, तो तुमच्याकडे आहे.

खेड्यातल्या प्रेक्षकाला हे सगळं झेपत नाही, असंही तुम्ही मुलाखतींत सांगता. आमच्या बीड जिल्ह्याकडे बघा. माजलगाव तालुक्यातलं राजेगाव. तिथली ललिता साळवे पोलीस दलात महिला शिपाई म्हणून २०१० मध्ये भरती झाली. २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली. खात्याला प्रश्न पडला, महिला म्हणून भरती झालेल्याला पुरुष म्हणून ठेवायचं कसं, उंची-वजनाचे नियम वेगळे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे माजलगावला परत कामावर आले. २०२० मध्ये लग्न केलं. २०२४ च्या जानेवारीत घरात मूल आलं. सगळं वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे, लपवलेलं काही नाही. बीड शहरात मार्च २०२२ मध्ये एका तृतीयपंथी वधूचं लग्नही वाजतगाजत लागलं.

कुजबुज झाली, नाही असं नाही. पण ऊसतोडीच्या, दुष्काळाच्या, मागास म्हणून ज्याला तुम्ही नेहमी हिणवता त्या जिल्ह्यानं एका पोलिसाला महिला म्हणून पाठवलं आणि पुरुष म्हणून परत घेतलं. खाकीतल्या त्या माणसानं वरिष्ठांपुढे तो अर्ज ठेवला, त्या क्षणात किती नाट्य आहे! रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं, इथपासून सुरुवात करा. एखाद्या चांगल्या विनोदी लेखकाला त्या सरकारी फाइलच्या प्रवासावर तासाभराचा प्रवेश लिहिता येईल. त्यात हसणं कारकुनावर असेल, नियमावर असेल, टेबलाखालून सरकणाऱ्या कागदावर असेल. अर्जदारावर नाही. हा एवढा फरक तुम्हाला कळत नाही, की कळून करायचा नाही?

आता २०२५ कडे येऊ. रोहन परशुराम कानवडे या दिग्दर्शकाचा 'साबर बोंडं' जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गेला आणि तिथलं जागतिक कथापटांचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक घेऊन आला. मराठीत बोलणारा सिनेमा. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या दुखवट्याला गावी येतो. नातेवाईक सुतकातही त्याच्या लग्नाचा विषय काढतात. बालपणीचा मित्र बाळ्या शेती करतो, त्याच्याही मागे लग्नाचा तगादा आहे. दोघांत जे आहे ते शेतात, झाडाखाली, फार न बोलता उमलतं. आणि आनंदच्या आईला ठाऊक आहे. ती त्याला सांभाळून घेते. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडच्या थिएटरांतही लागला.

आमच्या माळावर निवडुंगाला ती बोंडं लागतात. सौताड्याकडे जाताना दिसतील. पोरं काटे झटकून, दगडावर घासून ती खातात आणि जीभ लालभडक करून घरी येतात. ज्याला तुम्ही खेडं म्हणून वगळता, त्याच खेड्यातलं एक रानफळ त्या दिग्दर्शकानं शीर्षकाला घेतलं आणि जगाला कळलं. त्या सिनेमात एकही मनगट मोडलेलं नाही. नऊवारी नेसून नाचणारा कुणी नाही. दोन शेतकरी घरांतले पुरुष आहेत, त्यांना आया आहेत, शेरडं आहेत, सुतकाचे नियम आहेत.

तुम्ही अखेरीस म्हणाल, म्हणजे आता विनोदच करायचा नाही का? करा ना. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं विवाहाचा हक्क मात्र दिला नाही. आता प्रेम कायदेशीर आहे, पण भाड्यानं घर घ्यायला भाऊ-भाऊ म्हणून सांगावं लागतं. रुग्णालयात सही करायला नातं सिद्ध करता येत नाही. 'बनवाबनवी'ला १९८८ मध्ये खोटं बोलायला खोली पुरली. तुमच्यासमोर तर आख्खी व्यवस्था खोटं बोलायला लावणारी उभी आहे. तिच्यावर हसवा. त्या जोडप्याला शहाणं ठेवा आणि घरमालकाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, लग्न जमवणाऱ्या मावशीला वेडं करा. गे पात्रही मूर्ख, लबाड, कंजूष दाखवा. माणसं तशी असतात. फक्त तो गे आहे हाच विनोद, असं लिहू नका. मला भीती एवढीच आहे की हे लिहायला तुम्हाला घाम गाळावा लागेल, आणि कंबर लचकवायला लागत नाही.

नटांनाही निरोप द्या. तुमच्यापैकी पुष्कळांकडे खरी ताकद आहे; साडीत उभं राहून रडवणारे नट मी याच कार्यक्रमांत पाहिलेत. संहिता हातात आल्यावर एकदा विचारा, या पात्राचं नाव काय. उत्तर आलं नाही, तर ती परत करा.

आणि तुम्ही, लेखकमहाशय. पुढच्या भागात ते पात्र लिहाल तेव्हा त्याला नाव द्या, आडनाव द्या, गाव द्या. हवं तर पाटोदा द्या, आम्हाला चालेल. त्याला काम द्या : एसटीत वाहक करा, कृषी दुकानात हिशेबनीस करा, परिपाठाला अभंग म्हणणारा मुलगा करा. त्याला एक आई द्या. आणि प्रवेशातलं शेवटचं वाक्य त्याच्या तोंडी द्या. हे करता येत नसेल, तर श्रेयनामावलीत तुमच्या नावापुढे येणारा 'लेखक' हा शब्द काढून घ्यायला वाहिनीला सांगा.

पाटोद्याचा एक शिक्षक आणि प्रेक्षक